रॅमवरची तीन बोटं

अहो,

कॉम्प्युटर चालू झाला. पुण्याच्या नोकरीची माझी ऑनलाइन परीक्षा दुपारी बाराला आहे, म्हणून सीपीयू रिक्षात घालून वैजयंतीच्या घरी चाललेय. मॉनिटर तिच्याकडंही आहे आणि तिथं मशीनला कुणी हात लावणार नाही.

काल नवीन रॅम मीच बसवली. दोन्ही क्लिपा टक्क वाजेपर्यंत दाबल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत मशीन छान चाललं. आज सकाळी नुसते तीन बीप आणि काळा स्क्रीन. तुम्ही पूजा उरकून चहा घेत होतात. जागेवरून न उठताच म्हणालात, रॅमच खराब असेल की, परीक्षा पुढच्या वेळी दे. मी तर फक्त चालू होत नाही, एवढंच म्हणाले होते.

तुम्ही दुकानात गेल्यावर सीपीयू उघडला. एक क्लिप उघडी आणि रॅम तिरकी झालेली. काढून उजेडात धरली, तर पिनांवर आणि वरच्या स्टिकरवर पांढरं लागलेलं. धूळ म्हणावी, तर कालच पाकिटातून काढलेली वस्तू. विभूती होती, तीन बोटांची. आप्पा सोमवारपासून अक्कलकोटला आहेत आणि मी आज अजून पूजेला बसलेच नाही.

पिना खोडरबरानं पुसून रॅम परत बसवली, लगेच चालू झालं.

भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेवलीय. मी संध्याकाळी येईन. तोवर काय सांगायचं ते ठरवून ठेवा. स्टिकरवरची बोटं मी पुसलेली नाहीत.

अक्षता