आपण म्हणजे कोण?

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा, वहिनीचं पित्त आणि तुम्हा दोघांचा अबोला, तिन्हींची प्रकृती आता कशी आहे? इकडे आम्ही मजेत. हा शब्द पुढच्या चौकशा बंद करायला वापरतात हे तुला ठाऊक आहेच.

पत्रास कारण आपले तीर्थरूप. माणूस निवृत्त होतो, त्याचा आवाज होत नाही, हे नानांना घरी आणल्यावर मला कळलं. जन्मभर बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्यांच्या वेळा पुकारलेल्या माणसाला "आत कोण आहे?" असं साधं विचारता येत नाही. ते बाथरूमच्या दारात उभे राहून पुकारतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत गेलेले जावई अद्याप बाहेर पडलेले नाहीत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आमचे हे वर्तमानपत्र घेऊन आत जे संसार थाटून बसायचे, ते आता लग्नानंतर पहिल्यांदाच कामावर वेळेवर पोचताहेत. त्यांच्या साहेबाला वाटतं, नक्की दुसरीकडे नोकरी बघितली असणार. (माणूस बिघडला तर कुणी कारण विचारत नाही. सुधारला की लगेच संशय.)

नानांचं जगण्याचं शास्त्रही त्या स्थानकातच सुरू होतं आणि तिथेच संपतं. वेळेवर निघावं, मिळाली तर खिडकी घ्यावी, उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं. बस्स. आमच्या वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर सुखी कसं व्हावं यावर व्याख्यानं देतो आणि घरी आल्यावर पार्किंगवरून गळ्याच्या शिरा ताणतो. त्याने एकदा लिफ्टमध्ये नानांना खोदून खोदून विचारलं, तुम्ही एवढे निवांत कसे? नाना म्हणाले, "गाडी चुकली की मी पुढच्या गाडीची वेळ बघतो. तुम्ही गेलेल्या गाडीच्या मागे पळता." डॉक्टरने ते वाक्य तसंच्या तसं व्याख्यानात घातलं म्हणे. चार लोक रडले. (रडणाऱ्यांत त्याची बायको नव्हती. ती घरातलं व्याख्यान रोज ऐकते.)

मग इमारतीची सभा झाली. विषय एकच, टाकीच्या पाण्याला वास येतो. सगळे अगदी पोटतिडकीने बोलले. सेक्रेटरी म्हणाले, आपण टाकी साफ केली पाहिजे. डॉक्टर म्हणाला, आपण लगेच केली पाहिजे. मीही हात वर करून म्हटलं, आपण आधीच करायला हवी होती. दादा, ह्या 'आपण'सारखा गुणी शब्द नाही बघ. 'मी' म्हटलं तर काम अंगावर येतं, 'तुम्ही' म्हटलं तर माणूस अंगावर येतो. 'आपण' म्हटलं की सगळे कामाला लागल्यासारखे दिसतात आणि खुर्चीवरून कुणीच उठत नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून नानांचा तो तीन फलाटांना पुरणारा आवाज आला, "आपण म्हणजे कोण? गाडी सुटायची तर ड्रायव्हर लागतो. नाव सांगा." ज्याच्याकडे बघावं तो पंख्याकडे बघायला लागला. शेवटी डॉक्टरने स्वतःची मान सोडवून घेतली, "आपण म्हणजे अर्थातच सेक्रेटरी." आमच्या इमारतीत एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. सेक्रेटरी अर्ध्या चड्डीत टाकीत उतरले ते बघायला अख्खी इमारत गच्चीवर. मी तर हसून हसून बेजार.

ते हसू तुझा फोन येईपर्यंत टिकलं. तू विचारलंस, नानांचं पुढे काय करायचं? आणि मी कपडे वाळत घालता घालता म्हणून गेले, "बघू की आपण." मागून, वर्तमानपत्राआडून, आवाज आला, "आपण म्हणजे कोण?"

दादा, जिच्या तोंडी लागायला सेक्रेटरी घाबरतात ती तुझी बहीण दातांत चिमटा धरून गप्प उभी. तिकडून तुझंही अवाक्षर नाही. (हा गुण आपण दोघांनी आईकडून घेतला. तिने तो नानांशी संसार करताना कमावला होता.) दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची बॅग दाराशी. तुला फोनही त्यांनीच करून टाकला, रविवारी येऊन घेऊन जा म्हणून. मी म्हटलं, "नाना, राहा ना." तर म्हणाले, "आग्रहाने थांबवलेली गाडी पुढच्या सगळ्यांचा खोळंबा करते, बाळ."

तेव्हा ये रविवारी. घर मोकळं होईल. हे पुन्हा बाथरूममध्ये संसार थाटतील, मी हवी तेवढी लोळेन, आमचं सगळं पूर्वीसारखं सुखाने उशिरा होऊ लागेल. वहिनीला नमस्कार सांग. बोलत नसलास तर चिठ्ठी ठेव. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर फोन वाढतील.

तुझी धाकटी,
(नानांच्या भाषेत 'विनाथांबा')

ता. क. नाना फिरायला गेल्यावर मी ती बॅग उघडून पाहिली. आत एक सदरा, चष्म्याचं रिकामं घर आणि वजनासाठी आमची जुनी वर्तमानपत्रं. खरोखर जाणाऱ्या माणसाचं सामान असं नसतं.

ता. क. २. रविवारी येऊ नकोस. 'राहा' म्हटलेलं त्यांना चालत नाही, म्हणून तू फोन करून एवढंच सांग की तुझी गाडी उशिराने धावते आहे. किती उशिराने ते सांगू नकोस. जन्मभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं, त्यांना बरोबर कळेल.

ता. क. ३. आपण म्हणजे मी. हे मात्र नानांना कळू देऊ नकोस. पुकारतील.