माझा पिवळा, तिचा हिरवा

७ जून
ज्युदोचा ड्रेस परत द्यायला गेले आणि स्वतःचंच नाव घालून आले! ड्रेस लेकीचा. तिने क्लास सोडून आठ महिने झाले. हिरव्यानंतरच्या निळ्या पट्ट्याच्या परीक्षेत नापास झाले, आता कंटाळा आलाय, एवढं सांगून तिने विषय मिटवला होता. क्लासच्या मॅडमनी ड्रेस उलगडला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, हा तुमच्याच मापाचा आहे. उद्यापासून या."
सत्तेचाळिसाव्या वर्षी पांढरा पट्टा. नवरा हसून हसून बेजार. लेक हसली नाही. झेपेल का तुला, एवढंच म्हणाली.

१० जून
रांग पट्ट्यांच्या रंगाप्रमाणे. मी सगळ्यात शेवटी, आठ वर्षांच्या दोन मुलींशेजारी. तासभर फक्त पडायला शिकवलं. पडले. अंग ठणकतंय.

२८ जून
मॅडमना म्हटलं, मला कशाला ते रंगबिंग, व्यायाम झाला की बास. त्यांनी मला बाजूला बसवलं. म्हणाल्या, पट्टा आपण मिरवायला नसतो, समोरच्याने बघायला असतो. आपल्याला किती जोरात टाकलं तर आपण सावरू, हे त्याला कळावं म्हणून.
"आणि रंग जितका गडद, तितकी समोरच्याची पाठ तुमच्या जबाबदारीवर."
दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासताना हेच डोक्यात घोळत होतं. एक काच जास्त घासली गेली. मालक रागावले नाहीत — भला माणूस.

२० जुलै
लेकीने बाहेरच्या खोलीत गाद्या अंथरून मला अकरा वेळा पाडलं. दर वेळी माझी बाही घट्ट धरून ठेवली, डोकं एकदाही आपटू दिलं नाही. नवरा चहाचा कप घेऊन दारातून गुण देत होता.

५ सप्टेंबर
आज चुकलंच माझं. तिला म्हटलं, तू पण चल परत, एकदा नापास झालं म्हणून कोणी सोडून देतं का? पळपुटेपणा आहे हा. ती ताट उचलून गेली. अर्ध्या तासाने आली नि म्हणाली, तुझा डावा पाय उशिरा फिरतो, चल दाखवते.

१२ ऑक्टोबर
पास! पिवळा पट्टा. गाठ लेकीने मारून दिली. मॅडम, ती, माझे हे दुखरे गुडघे — कुणाकुणाचे आभार मानू? नवऱ्याने जेवताना मला दोनदा "उस्ताद" म्हटलं.

१४ ऑक्टोबर
निकालाच्या वहीत सही करायला मॅडमनी बोलावलं. सहज मागची पानं चाळली. लेकीच्या नावापुढे नापास नाही, "गैरहजर" लिहिलंय. शेजारी तारीख. त्या दिवशी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. नवरा परगावी अडकला होता. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं तोंड तिचंच दिसलं होतं.