डावीकडे पाऊण इंच

प्रिय वन्सं यांना वहिनीचा नमस्कार, आणि वयाने मी मोठी असल्यामुळे त्याच्याच पाठीवर एक आशीर्वादही.

तुमचे गुडघे कसे आहेत? दात? कानात भुणभुण व्हायची ती थांबली का? चार वर्षांत तुमचं अक्षर पाहिलं नाही, त्या अर्थी सगळं ठणठणीत असणार. (काही दुखलं-खुपलं की आधी वहिनी आठवायची, हा तुमचा जुना नियम.) मी बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा आता पहिल्या फटक्यात जातो. दुसऱ्या फटक्यात म्हणू, तुमच्याशी खोटं कशाला बोला. तुमचे भाऊ गेल्यापासून घरात माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही. सूनबाई भांडत नाही. ती समजावून सांगते, आणि त्यावर औषध नाही.

तर झालं असं, की मागच्या खोलीत माझं पायमशीन आहे ती खोली तिला हवी झाली. पुढच्या खोलीत तिने कपड्यांचं दुकान काढलं आहे, 'जुन्या काळची फॅशन' असं काहीतरी नाव आहे. जुन्या काळच्या माणसांनी मात्र पुढच्या खोलीत यायचं नाही, गिऱ्हाईक बिचकतं. माल ठेवायला जागा पुरेना म्हणून एक दिवस चहाचा कप माझ्या हातात देता देता म्हणाली, "आई, मशीन काढून टाकू या का? तुम्हाला तेवढाच आराम." आमचे चिरंजीव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बघ बाई, आईला विचार." अरे, विचारतच होती की ती! वन्सं, ह्या माणसाच्या शाळेच्या चड्ड्या मी त्याच मशीनवर शिवल्या. मला कोणी शिकवलं नव्हतं हे तुम्ही जाणता. मामंजींचा फाटका कोट उसवून पाहिला आणि परत जोडला, तेवढंच माझं कॉलेज. ते मशीन गेलं तर मी त्या घरात कोण? जेवणाच्या वेळी दिसणारी एक बाई.

खोली साफ करायची म्हणून सूनबाईने पलंगाखालची पेटी ओढली, आणि आतून निघाली तुमच्या मिनी स्कर्टांची पेपर कटिंगं, कापड बेतायचे ते कागदी नमुने! खाली कापडांचे तुकडे. ते नारिंगी-तपकिरी वर्तुळांचं, ते हिरव्या चौकटींचं, आणि ते जांभळं, इस्त्री दिसली की जीव सोडणारं. सून किंचाळलीच. "आई, हे ओरिजिनल आहे!" मी म्हटलं, ओरिजिनल मी आहे, हे नुसते कागद. पण तिचे डोळे चमकलेले पाहून मी तिथेच सौदा टाकला, की बारा स्कर्ट शिवून देते, ते खपले तर मशीन जिथे आहे तिथेच राहील. ती म्हणाली, "प्रॉमिस, आई." (शब्द इंग्रजीत दिला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.)

कटिंगं हातात घेतली आणि तुम्ही एकोणीस वर्षांच्या होऊन समोर उभ्या राहिलात. मासिकातलं चित्र फाडून आणलं होतंत, आठवतं? 'वहिनी, एवढा एकच' म्हणत एकाचे चार करून घेतलेत. चौथा मामंजींना दोरीवर वाळत घातलेला सापडला. दोन बोटांत धरून ते म्हणाले, "ह्याचं बाकीचं कापड कुठाय?" आणि तुम्ही म्हणालात, "वहिनीने शिवला. मी नकोच म्हणत होते." झालं! मशीनला तीन वर्षं कुलूप, किल्ली मामंजींच्या खिशात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त आमचा चोर त्या संध्याकाळी उरलेल्या तिनांतला एक घालून मैत्रिणीकडे गेला होता. असो. माझ्या मनात काही नाही. चोपन्न वर्षं झाली. वार आठवतो, महिना आठवतो, तुमच्या केसांतली पिन आठवते, एवढंच.

तीन आठवड्यांत बारा स्कर्ट उतरवले. आतून अस्तर, बाजूला चेन, कमरेला पट्टा, खालची कड हाताने टाके घालून, एकही टाका बाहेर दिसणार नाही अशी. आता शिवणाऱ्यालाच कळेल अशी एक गोष्ट सांगते. स्कर्टचा भाग कापताना कापड दुमडतात आणि घडीवर अर्धंच कटिंग ठेवतात, म्हणजे उलगडलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. तुमची कटिंगं मात्र अख्खी निघाली, डावं-उजवं दोन्ही असलेली. मी मनाशी हसले. म्हटलं काय अडाणी होते मी तेव्हा, केवढा कागद वाया घालवला! आणि हसत हसत त्याच अख्ख्या कागदांवरून बाराच्या बारा कापले. मोठ्या मापांना चारी बाजूंनी वाढवलं, पण आकार तोच ठेवला. ह्याला म्हणतात वयाने आलेलं शहाणपण.

मग दाखवायचा दिवस आला. एका मोठ्या दुकानाची मालकीण आली, बरोबर स्कर्ट घालून पाहायला चार मुली. मी दाराच्या फटीतून बघत होते. (फटीतून बघायची परवानगी आहे.) पहिली मुलगी आरशापुढे उभी राहिली आणि मी फट आणखी बोटभर रुंद केली. स्कर्ट डावीकडे लोंबत होता. दुसरीचाही. तिसरीचाही. मुलींना वाटलं आरसा तिरका आहे, त्यांनी आरसा सरळ केला, म्हणजे चांगला सरळ होता तो तिरका केला. मग सूनबाईने फरशीवर संशय घेतला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी जन्मभर लोकांना ऐकवली, त्या दिवशी आमच्या घरात खरोखरच अंगण तपासायला माणसं ओणवी झाली. चौथीला स्टुलावर चढवली तर स्कर्ट स्टुलावरही डावीकडेच.

आणि मग मला आठवलं. तुम्ही लहानपणी गच्चीच्या जिन्यावरून पडलात, तेव्हापासून तुमची डावी बाजू कमरेपाशी वर आहे. पाऊण इंच. तुमच्या अंगावर स्कर्ट सरळ दिसावा म्हणून मी डावीकडे तेवढी उंची जास्त सोडत होते, म्हणून कागद अख्खे. कुणाला कळू नये असं मी ठरवलं होतं, तुम्हालासुद्धा नाही. तुम्ही आरशात वळून वळून बघायचात आणि म्हणायचात, "वहिनी, मला काहीही शोभतं, नाही?" मी हो म्हणायचे. सगळ्यांच्या अंगाला बसेल असं काही मी कधी कापलंच नव्हतं, वन्सं. मी फक्त तुम्हाला शिवत होते.

दार उघडावं, चूक कबूल करावी, सगळे उसवून देते म्हणावं, एवढ्यात मालकीण म्हणाली, "अय्या, ही तिरकी कड मुद्दाम ठेवलीय?" सूनबाईने श्वाससुद्धा घेतला नाही. "म्हणजे काय! तीच तर आमची खासियत. माझीच कल्पना." मालकिणीने विचारलं, "आणि शिवतं कोण? हात फार चांगला आहे." "आहेत एक, घरातल्याच. मदतीला." बारा स्कर्ट जागच्या जागी गेले, वर आणखी साठ हवेत म्हणून सांगून मालकीण उठली. मदतीला असलेल्या बाई तेव्हा आत कप विसळत होत्या.

तुम्ही म्हणाल, मग जिंकलात की वहिनी! मलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी ती मला समजावून सांगायला आली. साठ स्कर्ट काही तुमच्या पायांनी व्हायचे नाहीत, ते कारखान्यात टाकते. कटिंगं तिकडे पाठवली. आता माल वाढणार, म्हणून मागची खोली लागणारच. मी म्हटलं, अगं, शब्द दिला होतास. तर म्हणते, "आई, तो बारांचा होता." गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं, पण वैद्याच्याच पाटावर दुसरं गिऱ्हाईक बसवायचं हे नवीन. मशीनला गिऱ्हाईकही तिनेच शोधलं, एक हॉटेलवाला. त्याला मशीनचं टेबल करायचं आहे. वर काच, खाली पायाने हलवायची जाळी तशीच, लोकांनी सूप पिता पिता पाय हलवावेत म्हणून. चिरंजीव म्हणाले, "आई, बघ ना, निदान लोकांच्या नजरेसमोर तरी राहील." वन्सं, मी त्याला नीट वाढवला नाही, ही एक शिवण माझी खरंच चुकली.

मी नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, पण त्याने पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं. दोघं म्हणाली, आई, मग तुमचं म्हणणं तरी काय आहे? मी म्हटलं, विचार करून सांगते. केला.

असो. तुम्ही माझी मुळीच काळजी करू नये. मी मजेत आहे, मला कुणाची गरज नाही, आणि ह्या वयात कुणाच्या दारात जाण्याचा माझा स्वभावही नाही. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या घरात मधल्या खोलीच्या खिडकीशी रिकामी जागा आहे, असं कुणीसं म्हणालं. मशीनला साधारण तीन फूट बाय दीड फूट लागतं. मला त्याहून थोडी जास्त.

आणखी ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याने ते तुमच्या हातात दिलं तो टेम्पोवाला आहे. मशीन मागे आहे, चादरीत गुंडाळलेलं. मी पुढे त्याच्या शेजारच्या सीटवर बसले आहे आणि तुम्ही वाचून संपेपर्यंत खाली उतरणार नाही, कारण तुमचा चेहरा बघायचा मला धीर नाही. हो असेल तर त्याला म्हणा, सावकाश उतरवा. नाही असेल तर काही बोलू नका, नुसतं आत जाऊन दार लावून घ्या, मी त्याला गाडी वळवायला सांगेन. कुठे, ते त्याला विचारू नका. त्यालाही मी अजून सांगितलेलं नाही.