परळी–केज जुळणी

केज, ऑगस्ट २००१

प्रिय वहिनी,

शरणु शरणार्थी, नमस्कार. उदगीरला माहेरी तुमची तब्येत बरी असेल. इकडे सगळं ठीकच म्हणायचं. आधी कामाचं सांगतो, सध्या तेवढंच मला नीट सांगता येतं. परळीच्या दुकानातल्या आणि इथल्या कॉम्प्युटरवरच्या फायली फोनवरून एकसारख्या करणारा तो प्रोग्राम दुरुस्त झाला.

त्याने तुम्हालाही कमी छळलं नाही. तुम्ही परळीत लग्नपत्रिका टाइप करायच्या, मी इथे छापायच्या, आणि रोज संध्याकाळी प्रोग्राम उघडला की कोरा. समोरचा फोन नंबर नाही, कुठलं फोल्डर कुठल्या फोल्डरशी जुळवायचं ते नाही. मग अण्णाचा फोन यायचा, "लिही बे, पुन्हा इसरलं ते." तो सांगायचा, मी भरायचो. मागे तुम्ही हसत असायचात.

अण्णाची जीप उलटली, त्यानंतर मी इथला छापखाना बंद ठेवला नाही. लोकांना विचित्र वाटलं असेल. त्याच्या पुण्यस्मरणाची पत्रिका मीच टाइप केली, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, छापली. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. संध्याकाळी सवयीने प्रोग्राम उघडायचो आणि रिकाम्या चौकटींकडे बघत बसायचो. मग वाटलं, हेच दुरुस्त करू.

आधी लाइट जाण्यावर संशय घेतला. मशीनमधला सेल बदलला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. काही फरक नाही. मग तो आपली माहिती ज्या फाइलमध्ये ठेवतो ती शोधली. तिच्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे एकदाही तिच्यात काही लिहिलं गेलं नव्हतं. अण्णाने प्रोग्राम सीडीवरून जसाच्या तसा उतरवला होता, आणि सीडीवरून आलेल्या फाइलवर 'फक्त वाचा' अशी खूण राहते. बिचारा रोज लिहायला जात होता, त्याला लिहू दिलं जात नव्हतं. खूण काढली, बंद करून उघडला, सगळं जागेवर. मग परळीला जाऊन दुकान उघडलं, झाडलं, तिथल्या मशीनवरही तेच केलं. तुमच्या सगळ्या पत्रिका शाबूत आहेत, दोन्हीकडे आहेत. अण्णाच्या खुर्चीवर बसूनच काम केलं. काही वाटलं नाही, याचंच परत येताना एसटीत आश्चर्य वाटलं.

त्याच दिवशी घरी आप्पांनी विषय काढला. आई दारात उभी होती. आप्पा म्हणाले, "सून घरची हाय, घरातच राहील. तुजं बी लगीन व्हायचंच हाय. उदगीरला निरोप धाडू का?" मी म्हणालो, "न्हाई." "कावून? तिच्यात काय कमी हाय?" मी म्हणालो, तिच्यात काही नाही, मला करायचं नाही. आप्पांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण माझ्याकडे बघत नाही.

वहिनी, तुमच्या मनात काय आहे मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. पण आप्पा ऐकायचे नाहीत. सोमवारी ते स्वतः उदगीरला येतायत, तुमच्या वडिलांशी बोलायला. सगळे मिळून तुम्हाला विचारतील, आणि तुम्ही मान हलवेपर्यंत विचारत राहतील. तुम्ही नाही म्हणालात तर सासर-माहेर दोन्हीकडे तोच राग तुमच्यावर धरून बसतील. म्हणून हे पत्र त्यांच्या आधी पोचायला हवं. त्यांना एवढंच सांगा, "वीरेशने आधीच नकार कळवलाय, आता माझ्या हो-नाहीचा प्रश्नच येत नाही." हवं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. जो राग यायचा तो माझ्यावर येऊ दे.

तुमचाच,
वीरेश