टीव्हीवरून केलेला नमस्कार

॥ श्री ॥
गुढियारी, रायपूर
ता. १२ जानेवारी २०२५

चि. विमलास इंदूताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुले फोन करावा तं तुझे कान गेलेले. मी ओरडून सांगितलं की तुले अर्धं समजते आणि आमच्या पाऱ्याले, सगळ्या मोहल्ल्याले, पुरं. सोयरिकीची गोष्ट पाऱ्यात जाऊ नये म्हणून लिहून राहिली. अक्षर वाकडं हाय, मजकूर सरळ हाय.

तू सुचवलेल्या तुमच्या यवतमाळच्या स्थळाचा पाहण्याचा कार्यक्रम काल झाला. मुलाच्या बापाचा पाय प्लास्टरात, म्हणून ते तिकडं आणि आम्ही इकडं. देवश्री म्हणाली, लॅपटॉपवर भेटू. मी म्हटलं, नातीचं स्थळ पाहायचं आणि त्या पाटीएवढ्या काचेत सगळ्यांनी मुंड्या घालायच्या काय? मग माझ्या प्रफुल्लनं सदर बाजारातून तार आणली आणि लॅपटॉप टीव्हीले जोडला. चित्र आलं, पण मधात एवढंसं आणि चहूकडून काळी पट्टी, निधनाच्या फोटोले असते तशी. शुभकार्यात हे काय? माझा लेक रेल्वेत साहेब हाय, कोणाले विचारायची त्याले सवय नाही. त्यानं टीव्हीचं रिमोट दाबून चित्र फुगवलं. मी म्हटलं, काळ्याचा दोराही राहू देऊ नको. त्यानं आणखी एकदा दाबलं. काळं गेलं.

देवश्रीनं समोरच्या सगळ्यांना ओळीनं वाकून नमस्कार केला. सौमित्र पोरगा बरा हाय. फक्त सारखा एका बाजूले पाहून राहिला होता. तिकडं स्वयंपाकघर असन, भूक लागली असन. आमच्या पोट्टीनं आधी दोन स्थळं नाक मुरडून परत केली, याच्याशी मात्र हिंदीतून का होईना, हसून बोलली. माझ्या डोक्यावरचा हंडा उतरला. होकार आला की कळव.

गोड लिहायची मले सवय नाही. माया हाय असं समजून घे आणि औषध टाळू नको.

तुझी
इंदूताई


॥ श्री ॥
यवतमाळ
ता. १८ जानेवारी २०२५

ती. ताईस विमलाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, होकार राहिला बाजूले, मले त्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटून राहिली. देवश्रीनं सगळ्यांना नमस्कार केला आणि सौमित्रच्या आत्याले, पद्मिनीबाईले, सोडलं. घरात सगळ्यात मोठी तीच. नवरा गेला तशी माहेरी आली आणि या पोराले तिनंच वाढवलं. शुभकार्यात ती आपण होऊन कडेले बसते, तशी त्या दिवशीही सोफ्याच्या पल्याड खुर्ची घेऊन बसली होती. तिनं हात जोडायले उचलले होते म्हणतात. देवश्री सौमित्रच्या आईपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

सगळ्यांना वाटलं, विधवा म्हणून टाळली. पद्मिनीबाई उठून आत गेली. सौमित्र म्हणते की पोरगी मनात भरली, पण जिथं माझ्या आत्याले नमस्कार नाही, तिथं मी बोहल्यावर चढणार नाही.

तू सोता इतकी वर्षं कपाळ रिकामं घेऊन घर चालवून राहिली. तुझ्या घरात असं काहून झालं? लवकर लिही. पक्का नकार देऊ नका म्हणून मी त्यांना कसंबसं थोपवलं हाय.

रागाव हवं तेवढी, पण माया पातळ करू नको.

धाकटी
विमला


॥ श्री ॥
गुढियारी, रायपूर
ता. २४ जानेवारी २०२५

चि. विमलास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी देवश्रीले समोर उभी केली. ती रडकुंडीले आली. म्हणाली, कडेले कोणी बाई होती हेच तिले माहीत नाही. मीही पाहिली नाही, प्रफुल्लनंही नाही. एका घरचे सगळेच एका दिवशी आंधळे कसे होतील? म्हणून त्याच तारेनं लॅपटॉप पुन्हा जोडायले लावला, आणि या वेळी त्याचीही काच चालू ठेवायले लावली. त्या दिवशी प्रफुल्लनं ती बंद केली होती, म्हणे चित्र एकाच जागी बरं.

दोन्हीकडं पाहिलं. लॅपटॉपवर खाली कोपऱ्यात घड्याळ, टीव्हीवर नाही. मी विचारलं, साहेब, घड्याळ कोणी नेलं? साहेबानं रिमोट देवश्रीच्या हाती दिला.

मग देवश्रीनं उलगडून सांगितलं. लॅपटॉप पाठवत होता ते चित्र टीव्हीच्या मापाचं नव्हतं, म्हणून भवताली काळं राहिलं. ते माप, रेझोल्यूशन म्हणतात त्याले, लॅपटॉपमधून बदलायचं असते. आम्ही ते सोडून टीव्हीचा झूम दाबला. पोळी तव्यापेक्षा मोठी लाटली की कडा बाहेर लोंबते, तसं झालं. काळं काचेबाहेर गेलं आणि त्याच्यासंग चित्राची कडही गेली. त्या कडेले पद्मिनीबाई बसली होती. आता पोट्टीनं झूम काढला, माप टीव्हीएवढं केलं, आणि घड्याळ जागेवर आलं. मले किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

हे पत्र पद्मिनीबाईले वाचून दाखव. तिले म्हण, आमच्या घरात कुंकू नसलेली बाई मधात बसते आणि बाकीच्यांनी कुठं बसायचं ते सांगते. ती मी. माझ्या नातीनं विधवेले टाळलं असतं तं लग्न दूर, तिले या घरात चहा मिळाला नसता. चुकी टीव्हीची आणि आमच्या घाईची, माफी माझी. फेब्रुवारीच्या दोन तारखेले, रविवारी, पुन्हा लावू. समोर यायचं की नाही ते पद्मिनीबाईनं ठरवावं, दुसऱ्या कोणी नाही.

तुझ्या मध्यस्थीची लाज राहिली पाहिजे, एवढाच माझा लोभ समज.

इंदूताई


॥ श्री ॥
यवतमाळ
ता. ३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती इंदूबाईंस पद्मिनीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र विमलाबाईनं वाचून दाखवलं. खरं सांगते, मले पटलं नाही. टीव्ही माणूस गिळते हे मी आजवर ऐकलं नव्हतं. म्हणून काल मी मुद्दाम आणखी कडेले बसली, अर्धी खुर्ची दाराबाहेर. सोफ्यावर जागा ठेवली होती, सौमित्र हात धरून ओढत होता, मी हलली नाही.

देवश्री आली आणि बाकी कोणाकडं न पाहता आधी माझ्याकडं वळली. वाकून नमस्कार केला. मग घाबरत म्हणाली की आत्या, पाय जपून ठेवा, तुमच्या खुर्चीखाली मांजर झोपून हाय. खरंच होतं. आमच्या घरच्या एकालेही ते दिसलं नव्हतं! मी हसली, तं सौमित्र मोठ्यानं हसला, आणि त्याचा बाप प्लास्टरचा पाय धरून हसला. तुमच्या नातीची मराठी अर्धी हिंदी हाय, पण नजर पुरी हाय.

आमचा होकार मी कळवून राहिली. तो मीच कळवावा असं सौमित्रचं म्हणणं होतं.

मी कडेले बसते ते कोणी बसवलं म्हणून नाही. तिथून उठून जायले सोपं पडते. साक्षगंधाची अंगठी घेऊन आम्ही रायपूरले येऊ तेव्हा माझी खुर्ची तुमच्या बाजूले, मधात मांडा. उठायचा विचार नाही.

ओळख नवी हाय, लोभ मात्र जुन्यासारखा करावा.

आपली
पद्मिनी