माझ्या नावावरचा गोल

किलटोरा,
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

प्रिय नोरीन,

तू आणि डग्लस दोघंही ठीक असाल अशी आशा आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? डग्लसला माझा नमस्कार सांग. आपण नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकांना लिहीत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची ओढली असशील. बस. पत्र जरा लांब होणार आहे.

इकडे सगळं आहे तसंच आहे. गाई विकल्यापासून सकाळी उठायला काही कारण उरलं नाही, तरी मी पहाटे उठतो आणि किटलीपाशी उभा राहतो. कुत्रं बहिरं झालंय. फ्रीज उघडला की हॅमची सँडविचेस अंगावर येतात. शेजाऱ्यांनी इतकं आणून ठेवलंय की मी आणि कुत्रं मिळून नाताळपर्यंत संपवू शकणार नाही. अंगणात हॉलमधल्या खुर्च्या अजून तशाच रचून ठेवल्यात. त्या का आणल्या होत्या ते पुढे लिहितो. आधी फुटबॉलचं लिहितो, ते मला सोपं जातं.

वीस तारखेला रविवारी काउंटीचा अंतिम सामना आपल्या मैदानावर आहे. चौसष्ट साली आपण कप जिंकला, त्याला यंदा साठ वर्षं झाली, म्हणून मध्यंतरात त्या संघाला मैदानात बोलावणार आहेत. भोंग्यावरून एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्याने कुंपणापासून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं. जो गेला असेल त्याच्यासाठी त्याच्या घरचं कुणीतरी चालतं. त्या पंधरांपैकी आता फारच थोडे स्वतःच्या पायांवर आहेत, त्यामुळे त्या दिवशी मैदानात बहुतेक सुना आणि नातवंडंच दिसतील.

यादीत माझं नाव आहे. फुल फॉरवर्ड, टर्लो मॅकगौरन, शेवटच्या मिनिटाला विजयी गोल. आता हसू नकोस.

तुला तर सगळं माहीतच आहे, पण मला पुन्हा एकदा लिहून काढावंसं वाटतंय. मी आयुष्यात फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्यांच्या गोलाच्या तोंडाशी, खेळलो नाही. मी कोपऱ्यातला बॅक. माझं काम एवढंच की समोरून येणाऱ्या माणसाला माझ्यावर आदळायला लागावं. हेगर्टींच्या कुरणात आम्ही सराव करायचो. आधी गाई हाकलायच्या, मग शेणाचे पो फावड्याने उचलायचे, आणि तरी जो पडायचा तो नेमका त्यातच पडायचा. चामड्याचा चेंडू ओला झाला की तो डोक्याने अडवण्यापेक्षा गोल झालेला बरा, असं आमचा गोलकीपर उघड म्हणायचा. आईला जर्सी धुताना आमच्या खेळाची सगळी हकीगत न विचारता कळायची. मला ते दिवस स्वच्छ आठवतात. कोण कुठे उभा होता, वारा कुठल्या बाजूचा होता, सगळं. पण आठवताना पूर्वी जो आनंद व्हायचा तो आता होत नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातले फोटो बघावेत तसं वाटतं.

ड्रमाराविरुद्धच्या त्या अंतिम सामन्याच्या आधी गवताच्या गाडीवरून पडून माझं मनगट मोडलं. आणि काउंटीतला सगळ्यात चांगला फुल फॉरवर्ड, आपला फिनबार, सेमिनरीत पाद्री व्हायला शिकत होता. तिथल्या पोरांना मैदानावर खेळायची सक्त मनाई. पकडला गेला तर थेट घरी. पण त्या काळी कुठल्या गावाने हा नियम मनावर घेतला होता? दुधाच्या लॉरीवाल्या पीडरने त्याला भिंतीपलीकडून उचलला, आणि पंचाच्या कागदावर माझं नाव होतं तिथे तो उभा राहिला. मी प्लॅस्टर बांधून, वडलांचा कोट घालून, बाकावर. मैदानात सगळं गाव "टर्लो! टर्लो!" ओरडत होतं, आणि बाकावर बसल्या बसल्या मीच आपला अभिमानाने लाल होत होतो. पेपरात माझं नाव आलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला फिनबार आपल्या जागेवर गुडघे टेकून हजर होता.

पुढे फिनबार पाद्री होऊन झांबियाला गेला, आणि कितीतरी वर्षं गावात याची चेष्टा चालायची. "टर्लो, काल तुझा गोल झांबियात कुणाला तरी बाप्तिस्मा देत होता," वगैरे. मग चेष्टा करणारे एकेक करून गेले. आता ज्यांना माहीत आहे असे फारसे उरलेच नाहीत. पोरं पबमध्ये माझ्यापुढे ग्लास ठेवतात. "अरे, तो गोल माझा नाही, माझ्या भावाचा," असं मी म्हटलं की म्हणतात, "बघा, किती साधा माणूस!" जितकं नाही म्हणावं तितका मी थोर होत जातो.

म्हणून मागच्या आठवड्यात मी कमिटीपुढे गेलो. म्हटलं, तो गोल फिनबारचा आहे, एकदा तरी त्याचं नाव त्याच मैदानावर पुकारा. अध्यक्ष जार्लथला तू ओळखत नसशील, आपल्या पोस्टमन कॉनचा मुलगा. तो इतका पांढरा पडला की मला वाटलं याला काही झालं की काय.

"टर्लोकाका, हळू बोला हो! दार उघडं आहे."

"मग काय झालं?"

"काय झालं? खोट्या नावाने माणूस खेळवला म्हणजे सामना गेला! ड्रमारावाल्यांना कळलं तर उद्या सकाळी दारात उभे राहतील, कप द्या म्हणून."

"साठ वर्षांनी?"

"ड्रमारावाले आहेत ते! त्यांना साठ वर्षं म्हणजे परवा."

चिटणीस ओर्ला बिचारी शाळेत शिकवते, समजूतदार आहे. ती म्हणाली, "काका, ड्रमाराने लेखी सांगितलं की तक्रार नाही, तर मी नाव बदलते." जार्लथ म्हणाला, "झालं! म्हणजे आता कोल्ह्यालाच विचारायचं, कोंबडी नेऊ का म्हणून."

गाई नसल्या तरी मी अजून जनावरांच्या बाजारात जातो, चहा प्यायला आणि दुसऱ्यांच्या वासरांना नावं ठेवायला. ड्रमाराचा बॅटी क्विल्टीही त्याच कामासाठी येतो. त्या सामन्यात फिनबारला अडवायला उभा होता तो हाच. आता दोन काठ्या घेऊन चालतो, पण खांदे अजून दारात अडकतील असे. मी त्याच्या समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तो चहा ढवळत राहिला.

"झालं तुझं?" म्हणाला.

"झालं."

"टर्लो, तू मला गाढव समजतोस? मी तुझ्याविरुद्ध चार वर्षं खेळलोय. तुझी ती म्हशीसारखी चाल मी आंधळा असतो तरी ओळखली असती. त्या दिवशी जो माझ्या काखेखालून निसटला तो तू नव्हतास, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. शिवाय मी त्याच्या पोटात कोपर घातलं तर म्हणाला, 'देव तुझं भलं करो.' असं कोण बोलतं रे मैदानात?"

"मग तेव्हा तक्रार का नाही केलीत?"

बॅटीने आजूबाजूला बघितलं. इतक्या वर्षांनीही त्याने आवाज खाली आणला. "कशी करणार? आमच्या गोलात आमचा नवा धाकटा फादर उभा होता! माझा चुलतभाऊ म्हणून नाव दिलं होतं. गोल खाल्ल्यावर घरी जाताना रडत होता बिचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच प्रार्थना सांगायची होती, आणि समोर सगळी ड्रमारा बसलेली, तोंडं पाडून."

नोरीन, मी हसलो. हसलो म्हणजे तोंड हललं, आवाजही आला. बॅटीला खरं वाटलं असावं. त्याने तिथेच ओर्लाला फोन लावला आणि सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "लिहून घे पोरी! गोल पाद्र्याचाच. माझ्या बरगड्या साक्षीला आहेत!"

तेव्हा ते काम झालं. वीस तारखेला फुल फॉरवर्ड म्हणून फिनबार मॅकगौरन हे नाव पुकारणार आहेत. मला कोपऱ्यात, जखमी म्हणून, माझ्या स्वतःच्या नावाने.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी तीन वेळा उठून किटली ठेवून आलो.

तुझ्या लग्नात फिनबारने जे केलं ते चूक होतं. मी तेव्हाही असंच म्हणालो होतो आणि आता लिहूनही देतो. डग्लस घटस्फोटित, त्यात प्रोटेस्टंट, म्हणून त्याने आईला कॉव्हेंट्रीला जाऊ दिलं नाही. लग्नासाठी घेतलेली नवी हॅट तशीच पेटीत ठेवून आई वारली. तू त्याच्याशी बोलली नाहीस, त्यात तुझं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. तो झांबियाहून कायमचा परत आला, माझ्याकडे राहायला लागला, त्याची आठवण विरत चालली, हे मी दर कार्डात एका ओळीत लिहीत गेलो आणि तू त्या ओळीचं उत्तर कधी दिलं नाहीस. ऑगस्टमध्ये मी फोन केला, त्याचं नाव काढलं, तू म्हणालीस, "टर्लो, चहा उकळतोय," आणि ठेवलास. मी तुला बोल लावत नाही. पण म्हणून सप्टेंबरात मला पुन्हा फोन करवला नाही.

फिनबार गेला, नोरीन. सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी, त्याच्या खोलीत. शनिवारी आई-वडलांच्या शेजारी ठेवला. खुर्च्या त्यासाठी आणल्या होत्या. सँडविचेसही. क्लबची पोरं जर्सी घालून फाटकापासून थडग्यापर्यंत दोन्ही बाजूंना उभी राहिली होती, ती माझ्या मानासाठी, कारण मी गोल केलेला माणूस. त्यांच्या मधून मी त्याच्या मागे चालत गेलो. फादरने वेदीवरून सांगितलं की या सत्पुरुषाला खेळाची कधी गोडी नव्हती. मी पुढच्या बाकावर बसून ते ऐकलं. चीड यायला हवी होती. काहीच आलं नाही. अजून आलेलं नाही. डोळ्यांत पाणीही नाही. मी त्याचा वस्तरा धुऊन ठेवला, अंथरुणाच्या घड्या केल्या, सगळे म्हणाले टर्लो किती खंबीर आहे. मी खंबीर नाही. मला काही वाटतच नाहीये, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? फक्त त्याचं नाव त्या मैदानावर पुकारलं जावं एवढीच एक इच्छा उरलीये. बाकी सगळं सुन्न आहे.

नाव पुकारलं की त्याच्यासाठी कुणीतरी चालायला हवं. मी चालू शकत नाही, मला माझ्या नावाने चालावं लागेल, ओर्ला म्हणते एका माणसाला एकच नाव. आपल्या रक्ताचं दुसरं तूच. तू आली नाहीस तर बॅटी म्हणालाय, "मी चालतो. त्या दिवशी माझ्याइतका त्याच्याजवळ दुसरा कोण होता?" तो चालेल, दोन काठ्यांवर, आणि लोक टाळ्याही वाजवतील. पण ती जागा त्याची नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुला त्रास व्हावा म्हणून सांगत नाही. शेवटच्या वर्षात त्याच्या डोक्यातून झांबिया गेलं, सेमिनरी गेली, बिशप गेले, प्रार्थना गेल्या, तुझं लग्नही गेलं. राहिला तो फक्त तो रविवार. मला तो पीडर म्हणायचा, लॉरी तयार आहे का विचारायचा. त्या गुरुवारी दुपारीही विचारलं. मी म्हटलं, तयार आहे. मग जरा वेळाने डोळे मिटूनच म्हणाला, "माझे काळे कपडे?"

तुला आठवतंय का? त्याचे सेमिनरीचे कपडे कुणी बघू नयेत म्हणून ते पिशवीत घालून पिशवी तुझ्याखाली दिली होती. तू शाळकरी पोर, सगळा सामना त्यावर बसून होतीस. गोल झाल्यावर सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि तू एकटी बसून ओरडत होतीस.

मी म्हटलं, "नोरीन बसलीये त्यांच्यावर."

"ती इथे आहे?"

"आहे ना. समोरच आहे."

तो हसला. म्हणाला, "तिला म्हणावं, मी येईपर्यंत उठू नकोस." त्यानंतर तो बोलला नाही.

मी त्याला तू आहेस असं सांगितलंय, नोरीन. वीस तारखेला ये.

वाट बघणारा तुझा भाऊ,
टर्लो