तपकिरी पाणी

दादा,

काल तुझ्या कंपनीचा फिल्टर विकणारे गृहस्थ आले. नळाच्या पाण्यात दोन सळया सोडून त्यांनी वीज लावली. पाणी तपकिरी झालं. "बघा ताई, काय पिताय!" हातवारे थेट तुझेच.

टीव्हीवर हीच लबाडी तू उघडी पाडली होतीस. रंग पाण्याचा नव्हे, सळईच्या लोखंडाचा. तेव्हा पेला मीच धरला होता.

आई म्हणाली, "अगं, याला तर तो फसवणूक म्हणायचा ना?"

पंचाहत्तरीतल्या आईसमोर तिच्या लेकाला खोटं कसं पाडू? "तो प्रयोग वेगळा होता," म्हटलं. मला रागसुद्धा आला नाही.

तिने फिल्टर घेतला. पाणी गोड लागतं म्हणते.

तो ओट्यावर जरा डुगडुगतो. हे पत्र घडी करून त्याच्याखाली सरकवते.

तुझी,
पेला धरणारी